मातीचा ढीग, बादलीभर पाणी आणि उघडे आकाश

लंडनच्या आग्नेय भागात, थेम्स नदीच्या काठाला डेप्टफर्ड नावाची वस्ती आहे. १९१० मध्ये तिथे मुलांसाठी एक छोटा दवाखाना सुरू झाला. वस्ती गरिबांची. गोदीत, कारखान्यात मिळेल ते काम करणारी माणसे, एकेका खोलीत अख्खे कुटुंब आणि जेमतेम ऊन पोहोचेल अशा अरुंद गल्ल्या. मुलांच्या तक्रारी ठरलेल्या असत: वाहणारे कान, किडलेले दात, चिकटलेले डोळे, अंगभर खरूज. जखमा धुतल्या जात, औषध लावले जाई, मूल बरे होऊन घरी जाई. काही आठवड्यांनी तेच मूल तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभे राही.

कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात हे दृश्य आजही ओळखीचे वाटेल. औषधाने आजार जातो. पण मूल ज्या खोलीत परत जाते ती खोली तशीच राहते. डेप्टफर्डचा दवाखाना चालवणाऱ्या दोघी बहिणींनी यातून एक सरळ अर्थ काढला. या मुलांना औषधाइतकीच अंगणाची गरज आहे. उघड्यावर खेळणे हा आरोग्याचाच भाग आहे, हे ठासून सांगणाऱ्या आणि करून दाखवणाऱ्या त्या बहिणींपैकी धाकटीचे नाव मार्गारेट मॅकमिलन. बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. आरोग्याच्या इतिहासात ते तितक्याच ठळकपणे यायला हवे.

कान गमावलेली मुलगी

मार्गारेट यांचा जन्म २० जुलै १८६० चा, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर परगण्यातला. आईवडील स्कॉटलंडहून तिथे स्थायिक झालेले. बहीण रेचल जेमतेम सव्वा वर्षाने थोरली. १८६५ हे वर्ष या घरावर काळ होऊन आले. वडील गेले, बहीण एलिझाबेथ गेली. पाच वर्षांच्या मार्गारेटला स्कार्लेट फीव्हरने गाठले. ती वाचली, पण तिची श्रवणशक्ती गेली.

स्कार्लेट फीव्हर हा स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूंमुळे येणारा ताप. घसा लाल होतो, अंगावर पुरळ उठते आणि संसर्ग घशातून मधल्या कानात पसरू शकतो. आज प्रतिजैविकांच्या साध्या गोळ्यांनी तो बरा होतो. तेव्हा पेनिसिलिन यायला अजून पाऊणशे वर्षे होती. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास मार्गारेटला पुन्हा ऐकू येऊ लागले. म्हणजे बालपणाची आठ-नऊ वर्षे तिने जवळजवळ शांततेत काढली. पुढे शाळाशाळांतून मुलांचे कान तपासा म्हणून हट्ट धरणाऱ्या बाईंचा हा भूतकाळ होता.

विधवा आई दोन्ही मुलींना घेऊन स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसला माहेरी परतली. १८७७ मध्ये आईही गेली. रेचल आजारी आजीची शुश्रूषा करत घरी राहिल्या. मार्गारेट युरोपात शिकून श्रीमंतांच्या घरी मुलांच्या शिक्षिका झाल्या. १८८८ मध्ये आजी वारल्यावर दोघी लंडनमध्ये एकत्र आल्या आणि पूर्व लंडनमधल्या कामकरी मुलींना संध्याकाळी फुकट शिकवू लागल्या. १८८९ चा गोदी कामगारांचा मोठा संप त्यांनी जवळून पाहिला. एका धनाढ्य बाईंनी मार्गारेट यांना आश्रय देऊन रंगभूमीचे शिक्षण देऊ केले होते. पण त्या कामगारांच्या सभेत बोलल्या आणि तो आश्रय संपला. रंगमंच गेला, कमावलेला आवाज मात्र राहिला. पुढची चाळीस वर्षे तो मुलांसाठी वापरला गेला.

गिरण्यांचे गाव

१८९३ च्या सुमारास दोघी बहिणी ब्रॅडफर्डला आल्या. लोकरीच्या गिरण्यांचे हे शहर. आकाशात गिरण्यांचा धूर आणि घराघरांत गिरणीचे वेळापत्रक. दहा-बारा वर्षांची मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असत. कायद्यालाच ते मान्य होते. सकाळी सहाला कामाला उभे राहिलेले मूल दुपारी बाकावर बसून झोपी गेले, तर त्यात नवल ते काय!

१८९४ मध्ये मार्गारेट ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. शाळांना भेटी देताना त्यांना दिसले की प्रश्न पाटी-पुस्तकाच्या आधी सुरू होतो. थंडीत अंगावर चढवलेले कपडे कित्येक मुलांनी महिनोन्महिने उतरवलेच नव्हते. काहींचे तर अंगावरच शिवून टाकलेले होते. उवा, खरूज, सुजलेले टॉन्सिल, ऐकू न येणारे कान. अशा मुलांना शिक्षक मठ्ठ म्हणत आणि मारत.

मंडळाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स केर यांच्यासारखा जोडीदार त्यांना मिळाला. दोघांनी १८९९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची पद्धतशीर वैद्यकीय तपासणी केली. ब्रिटनमधली ती पहिली अशी नोंदली गेलेली तपासणी मानली जाते. त्याआधी, १८९७ मध्ये, वॉपिंग रोडवरच्या शाळेत मुलांसाठी स्नानगृह बांधले गेले. शाळेने मुलांना आंघोळ घालायची म्हणजे आईबापांचे काम सरकारने करायचे, त्याने गरीब माणूस आळशी होईल, असा ओरडा झाला. मुलांना शाळेत जेवण द्यावे या मागणीलाही तीच उत्तरे मिळाली. मार्गारेट मागे हटल्या नाहीत. उपाशी, खाजवणाऱ्या, बहिऱ्या मुलावर शिक्षणाचा खर्च करणे म्हणजे तो पैसा पाण्यात घालणे, हा त्यांचा मुद्दा हिशेबी लोकांनाही पटणारा होता.

१९०२ च्या कायद्याने शाळा मंडळेच बरखास्त झाली. नव्या व्यवस्थेत स्त्रियांना निवडून येण्याची सोय नव्हती. मार्गारेट केंट परगण्यात बहिणीकडे गेल्या. रेचल तिथे गावोगाव फिरून आरोग्य आणि स्वच्छता शिकवत असत. पद गेले तरी लढा थांबला नाही. १९०६ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला, १९०७ मध्ये शाळांतल्या वैद्यकीय तपासणीचा. या दोन्ही कायद्यांमागे अनेकांचे श्रम होते आणि त्यांत मॅकमिलन भगिनींचा वाटा मोठा होता. आज आपल्याकडे अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची जी आरोग्य तपासणी होते, त्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळण्याची ही सुरुवातीची पायरी.

रात्री अंगणात झोपणाऱ्या मुली

कायदा झाला, मुले तपासली जाऊ लागली, रोग सापडू लागले. पण उपचार कोण करणार? म्हणून आधी १९०८ मध्ये लंडनच्या बो भागात आणि मग १९१० मध्ये डेप्टफर्डला दवाखाना सुरू झाला. एका साबण कारखानदाराने, जोसेफ फेल्स यांनी, त्यासाठी पैसे दिले. आणि तिथेच सुरुवातीला सांगितलेला तो अनुभव येऊ लागला. बरी झालेली मुले परत येत होती.

१९११ मध्ये बहिणींनी एक साधा प्रयोग केला. डेप्टफर्डमधल्या एव्हलिन स्ट्रीटवरच्या एका घराची मागची बाग त्यांना वापरायला मिळाली. शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुली तिथे येत. गरम पाण्याने अंघोळ करत, स्वच्छ कपडे घालत, जेवत आणि कॅनव्हासच्या आडोशाखाली उघड्या हवेत झोपत. सकाळी न्याहारी करून शाळेत जात. पुढे मुलांसाठीही जवळच्या चर्चच्या आवारात असा तळ पडला. लागणारे सामान अगदीच साधे: कापड, नळ, पाणी, साबण आणि खाटा. पण मुलींची त्वचा सुधारली, भूक वाढली, खोकला कमी झाला.

यातून पुढचा प्रश्न निर्माण झाला. या मुलींची धाकटी भावंडे अजून त्याच अंधाऱ्या खोल्यांत होती. जन्माला येताना धडधाकट असलेले मूल पाच वर्षांचे होऊन शाळेत येईपर्यंत अर्धे खंगलेले असे. बिघाड व्हायचा तो या मधल्या वर्षांतच होत होता. म्हणजे काम तिथूनच सुरू करायला हवे होते.

एक एकर रिकामी जागा

१९१४ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, लंडनच्या काउंटी कौन्सिलकडून बहिणींना डेप्टफर्डमध्येच स्टोवेज नावाच्या गल्लीजवळ सुमारे एक एकर रिकामी जागा मिळाली. शाळेसाठी राखलेली ती जागा मागितली की परत करायची अट होती. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांनी बागेतली शाळा उभी केली.

या शाळेची इमारत म्हणजे काही लांबट पडव्या. प्रत्येक पडवीची एक बाजू बागेकडे उघडी. पाऊस-वारा फारच झाला तर पडदा ओढायचा. मुले सकाळी आठच्या सुमारास येत आणि संध्याकाळपर्यंत राहत. आल्यावर अंघोळ, मग खाणे, मग बाग. दुपारच्या जेवणानंतर बाहेरच छोट्या खाटांवर झोप. दिवसातून तीन वेळा पोटभर, साधे जेवण.

पण खरा वर्ग बागेतच भरे. आजच्या पालकांनी लक्षपूर्वक पाहावी अशी ही बाग होती. त्यातली एकही गोष्ट दुकानातून विकत आणण्याजोगी नव्हती. जमीन मुद्दाम सपाट केलेली नव्हती. उंचवटे, पायऱ्या, उतार, दगडी वाटा ठेवलेल्या होत्या. कारण सपाट फरशीवर चालणारे मूल फक्त चालायला शिकते, खडबडीत वाटेवर चालणारे मूल तोल सावरायला शिकते. चढायला शिड्या आणि फळ्या होत्या, खेळायला वाळू आणि पाणी होते. एका बाजूला भाजीचा वाफा होता. दुसऱ्या बाजूला पुदिना, लव्हेंडर अशी वासाची झाडे. पान चुरगाळायचे आणि डोळे मिटून हुंगायचे, हा तिथला खेळ. रंग ओळखायला फुले होती. सशांना आणि कोंबड्यांना खाऊ घालायचे काम मुलांचे.

आणि बागेत एक उकिरडा होता. खरोखरचा उकिरडा नव्हे. दगडगोटे, जुने डबे, मोडकी भांडी, लोखंडाचे तुकडे यांचा एक ढीग. मार्गारेट यांच्या मते प्रत्येक मुलाच्या बागेत असा ढीग हवाच. शोभेच्या बागेपेक्षा मुले त्या ढिगाकडे जास्त धावत आणि तासन्तास तिथे रमत. डबा क्षणात जहाज होई, क्षणात ढोल. कशाचे काय करायचे हे मोठ्यांनी सांगायचे नाही, एवढाच नियम. मोठ्यांनी जवळ असायचे, पाहायचे, मुलाने विचारले तर उत्तर द्यायचे आणि हात पुढे करायचा तो मूल पडत असेल तेव्हाच. शिक्षिका प्रशिक्षित हवी हा मार्गारेट यांचा आग्रह इथूनच आला. कधी मध्ये पडायचे नाही, हे कळायलाही प्रशिक्षण लागते.

युद्धामुळे वस्तीतल्या आया दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या आणि बाग मुलांनी भरून गेली. सरकारने अशा आयांच्या मुलांसाठी रोज काही पेन्स अनुदान दिले. दिवसभराचे श्रम, पैशांची चणचण आणि युद्धाची भीती या सगळ्यात रेचल यांची तब्येत ढासळत गेली. २५ मार्च १९१७ रोजी, आपल्या अठ्ठावन्नाव्या वाढदिवसालाच, त्या गेल्या. आयुष्यभराची सोबत संपली. मार्गारेट यांनी शाळेला बहिणीचे नाव दिले आणि त्या पुन्हा बागेत उभ्या राहिल्या. बाहेर जगाला मार्गारेट यांचे भाषण दिसायचे. शाळेचा रोजचा गाडा मात्र रेचल ओढत असत. १९२७ मध्ये मार्गारेट यांनी बहिणीचे चरित्र लिहिले, ते ही बाजू जगाला कळावी म्हणून.

त्यांना माहीत नव्हते ते

डेप्टफर्डच्या मुलांमध्ये मुडदूस फार होता. पाय वाकलेले, मनगटे जाड, छातीचा पिंजरा आत गेलेला, टाळू भरून यायला उशीर. १९१४ मध्ये त्याचे नेमके कारण कुणालाच ठाऊक नव्हते. बागेत राहणाऱ्या मुलांची हाडे बळकट होतात, एवढे डोळ्यांना दिसत होते.

कारण पुढच्या आठ वर्षांत उलगडले. १९१९ मध्ये बर्लिनमधील डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याचा प्रकाश सोडला. हाडे भरून आली. त्यांनी प्रकाश एकाच हातावर टाकून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे प्रकाशामुळे त्वचेत असे काही तयार होत होते जे रक्तातून सगळीकडे पोहोचत होते. १९२२ मध्ये त्या पदार्थाला ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला ते लागते. उन्हातले ज्या प्रकारचे अतिनील किरण ते तयार करतात, ते कोळशाच्या धुरातून नीट पोहोचत नाहीत आणि खिडकीच्या काचेतूनही आत येत नाहीत. बंद खिडकीशी बसून ऊन खाल्ले तर ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष, म्हणजे लघुदृष्टी, जगभर वाढतो आहे. या दोषात नेत्रगोल गरजेपेक्षा लांब वाढतो. बाहेरच्या लख्ख प्रकाशात दृष्टिपटलात डोपामिन जास्त स्रवते आणि ते ही वाढ आवरते, असे मानले जाते. घरातल्या दिव्यांचा प्रकाश काहीशे लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारोंत मोजावा लागतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांपैकी ३९.५ टक्क्यांना लघुदृष्टी आली, जास्त वेळ बाहेर असलेल्यांपैकी ३०.४ टक्क्यांना. औषध नाही, उपकरण नाही; फक्त चाळीस मिनिटे.

तिसरी गोष्ट हालचालीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे दमवणारी असावीत आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत असावा. घरात बसवून १८० मिनिटे भरणे अवघड आहे. मुलाला बाहेर सोडले की ती आपोआप भरतात.

मार्गारेट यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मोकळी हवा सगळ्या रोगांवरचा उतारा आहे असा त्यांच्या काळाचा विश्वास होता आणि तो त्यांचाही होता. हवेने गोवर थांबत नाही; गोवराची लस यायला १९६३ उजाडावे लागले. अंगण लसीची जागा घेत नाही, जेवणाची घेत नाही, औषधाचीही घेत नाही. पण अंगणाची जागाही दुसरे काही घेत नाही.

शेवटची वर्षे

१९१८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना शिशुशाळा काढण्याची मुभा दिली. युद्धानंतरच्या काटकसरीत त्यासाठी पैसा फारसा आला नाही. १९२३ मध्ये शिशुशाळांची संघटना स्थापन झाली आणि मार्गारेट तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. शिक्षिका घडवण्याचे स्वप्न होते. ८ मे १९३० रोजी राणी मेरी यांच्या हस्ते डेप्टफर्डमध्ये रेचल मॅकमिलन यांच्या नावाचे अध्यापिका महाविद्यालय उघडले. पुढच्याच वर्षी, मार्च १९३१ मध्ये, मार्गारेट गेल्या. मागितली की परत करायच्या जागेवर उभी राहिलेली ती शाळा शंभर वर्षांनंतरही तिथे आहे.

आपल्याकडे हा विचार वेगळ्या वाटेने रुजला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा वस्तीच्या अंगणात न्यायची, हे त्या कामाचे सूत्र. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. पोषण, लसीकरण, तपासणी आणि खेळ एकाच छपराखाली असावेत, हेच डेप्टफर्डच्या बहिणी सांगत होत्या. त्या नावातले अंगण मात्र आज अनेक घरांतून हरवले आहे.

घरच्या घरी, घराबाहेर

अंगण नसेल तर गच्ची, सोसायटीचे आवार, जवळची बाग, किंवा ऊन येणारी गॅलरीही चालते. मॅकमिलन बहिणींच्या बागेतून उचलता येतील असे काही खेळ:

* माती: दिवाळीत किल्ल्यासाठी आणतो तशी पाटीभर माती वर्षभर ठेवा. डोंगर, बोगदे, विहीर, रस्ते मुलांना सुचू द्या. किल्ल्याला दिवाळीची वाट पाहायला नको.
* पाणी: एक टब, दोन-तीन डबे, गाळणी, तुटकी किटली. ओतणे, भरणे, काय तरंगते आणि काय बुडते ते पाहणे. भिंतीवर नुसत्या पाण्याने ब्रशने रंगवणे लहानांना फार आवडते.
* भंगार: नारळाच्या करवंट्या, खोके, झाकणे, दोरी, जुनी चादर. धारदार आणि गंजलेले तेवढे बाजूला काढा. चादर दोरीवर टाकली की घर तयार.
* पायऱ्या आणि रेघा: खडूने ठिक्कर आखा, विटांवरून तोल सांभाळत चालू द्या. लंगडी, लपंडाव, लगोरी, आट्यापाट्या यांना आजही तोड नाही.
* वाफा: कुंडीत मेथी, धणे, पुदिना लावा. पाणी घालण्याचे काम मुलाचे. डोळे मिटून पान ओळखण्याचा खेळ जेवणाआधी पाच मिनिटे.

काळजीही तितकीच घ्यावी. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून पाण्याच्या खेळात मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच. खेळ संपला की टब रिकामा करून पालथा घाला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. गच्ची आणि गॅलरीचा कठडा मुलाला चढता येणार नाही असा हवा. त्याच्याजवळ खुर्ची, खोके ठेवू नका. मातीत खेळताना पायात चपला, खेळल्यावर साबणाने हात धुणे आणि नखे कापलेली असावीत. अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका, धनुर्वाताच्या लशीचे डोस पूर्ण करा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर. थंडीत मात्र दुपारच्या उन्हातही खेळू द्या. तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर ड जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिट थेंब लागतात. उन्हात नेतो म्हणून ते बंद करू नयेत. पाय वाकलेले दिसले, चालायला उशीर झाला, तर खेळाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवा.

मूल मळून घरी आले, गुडघा खरचटला, खिशात खडे निघाले, तर रागावण्याआधी डेप्टफर्डची ती बाग आठवावी. तिथल्या मुलांना अंगण मिळावे म्हणून दोघी बहिणींना आयुष्य घालवावे लागले. आपल्या मुलांसाठी रोज संध्याकाळी एक तास आणि पाटीभर माती काढायची आहे.